नऊ नंबरचे यजमान

माशांच्या अंगावर उवा असतात असं सांगितलं की लोक नाक मुरडतात. मग तोच मासा मिटक्या मारत खातात. माझी तीस वर्षं या उवा तपासण्यात गेली, त्यामुळे लोकांच्या अकलेचं मला आता फारसं कौतुक उरलेलं नाही.

माझी प्रयोगशाळा बंदरावर, बर्फाच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली दिवसभर बर्फ फोडतात आणि आमची फरशी बारा महिने गार असते. खिडकीतून मत्स्यशेतीचे बारा पिंजरे दिसतात. पिंजरे कसले, पाण्यात सोडलेली गोल जाळी. वर नुसतं काळं कडं तरंगताना दिसतं. त्यांचा मालक म्हणतो, बाहेरचे मोकळे मासे माझ्या माशांना उवा लावतात. मच्छीमार म्हणतात, त्याच्याच पिंजऱ्यांतून आमच्या समुद्रात उवा येतात. चोराच्या उलट्या बोंबा, त्याही दोन्हीकडून. शेवटी दोघांनी निवाडा माझ्या गळ्यात घातला.

पद्धत सोपी आहे, मालकालासुद्धा समजेल इतकी. पिंजऱ्यातल्या माशांवरच्या उवा घ्यायच्या, मोकळ्या माशांवरच्या घ्यायच्या, आणि दोन्हींचा डीएनए वाचायचा. दोन वेगळी घराणी निघाली तर भांडण मिटलं. एकच घराणं निघालं तर उवा इकडून तिकडे जातात, आणि त्यांना नेणारा-आणणारा कोण ते शोधायचं. ऊ ज्याच्या अंगावर जगते त्याला आमच्या शास्त्रात यजमान म्हणतात. फुकट जेवू घालतो ना, म्हणून.

घरीही एक निवाडा सात वर्षं अडकला होता. माझा थोरला भाऊ नऊ नंबरच्या पिंजऱ्याखाली उतरला तो वर आलाच नाही. पाणबुड्या होता तो, फाटलेली जाळी पाण्यातच शिवायचा. बंदरावर त्याला बेडूक म्हणत. आठवीत तीनदा गटांगळ्या खाल्लेल्या माणसाला याहून बरं नाव मिळणार तरी कुठून? प्रेत सापडलं नव्हतं. आता कायद्याची सात वर्षं भरली होती. वहिनींनी सही केली की तो मेला असं जाहीर होणार होतं. अर्ज शुक्रवारी द्यायचा होता आणि बाई सही करत नव्हत्या.

वहिनी नवऱ्याला 'आमचे यजमान' म्हणतात. बेडकाला यजमान! दर रविवारी त्याच्या चार शर्टांना इस्त्री करून ठेवतात. मी एकदा म्हटलं, "वहिनी, पाण्याखाली घड्या मोडतील हो." त्यांनी पुढचा शर्ट उचलला. त्यांना विनोद कळत नाही.

मला हे प्रकरण मिटवायचं होतं आणि त्याचं कारण मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी जाळं फाटलेलंच नव्हतं. पिंजऱ्याबाहेर घुटमळणारे चार मोकळे मासे मला तपासायला हवे होते, म्हणून मी त्याला खाली उतरवलं. पाणी खवळलेलं होतं. धक्क्यावर आम्ही दोघंच होतो. "दादा, चार आण. रिकाम्या हाताने वर येऊ नकोस," असं मी म्हणालो. तो हसला आणि उतरला.

असो. सोमवारी नमुने आले. ते आणणाऱ्या मदतनीस बाईंना मी चिमटाबाई म्हणतो. चिमट्याने ऊ उचलण्यापलीकडे त्यांना काही येत असेल असं मला वाटत नव्हतं. बुधवारी यंत्राने निकाल दिला आणि मी त्यांना समोर उभं केलं.

"नऊ नंबरच्या उवा आणि दोन दिवसांच्या अंतरावर, खोल समुद्रात धरलेल्या माशांच्या उवा एकाच आईच्या कशा? घराणं एक असतं तर समजलो असतो. या सख्ख्या बहिणी आहेत. नळ्यांची खिचडी केलीत ना?"

"नाही सर. नळ्या सीलबंद होत्या. सील तुम्हीच फोडलंत."

"म्हणजे मी खिचडी केली?"

"तसं नाही सर. पण त्यांच्या पोटातलं रक्त बघू या का? कोणाचं प्यायल्यात ते तरी कळेल."

सुचवणं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. जिवंत उवेच्या पोटात रक्त तीन दिवस टिकतं, मग विरघळतं; नळीतल्या स्पिरिटात मात्र होतं तसंच राहतं. तपासलं. दोन्हीकडच्या उवांच्या पोटात एकच रक्त होतं. ते माशाचं नव्हतं. माणसाचं होतं.

मी हसलो. "बोट कापलं होतं वाटतं?"

चिमटाबाईंनी दोन्ही हात पुढे केले. एकही ओरखडा नव्हता. "सर, रक्त पुरुषाचं आहे," त्या म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या. आमच्याकडे काम करणाऱ्या प्रत्येकाची थुंकी यंत्रात नोंदवलेली असते, असला गलथानपणा पकडायलाच. ते रक्त सगळ्यांशी ताडून बघायला लावलं आणि घरी आलो. निकाल शुक्रवारी येणार होता. दोषी चिमटाबाईच आहेत याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. पुरुषाचं तर पुरुषाचं, कुणाचंतरी बोट त्यांनीच बुडवलं असणार.

गुरुवारी संध्याकाळी अहवालाचा कच्चा मसुदा जेवणाच्या टेबलावर राहिला. मी हात धुऊन आलो तर वहिनी तो वाचत होत्या. बोट एका ओळीवर होतं.

"भाऊजी, हे खरं आहे?"

"काय?"

त्यांनी वाचलं, "'नऊ नंबरचा यजमान जिवंत आहे आणि सतत फिरता आहे.'"

मला इतकं हसू आलं की खुर्चीत बसावं लागलं. "अहो, यजमान म्हणजे उवेचा! ज्याच्या अंगावर ती जगते तो. मासा असेल, देवमासा असेल. तुमचे यजमान नव्हेत. धन्य आहे!"

"मग कोण आहे तो?"

"तेच शोधतोय."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"एवढं माहीत आहे की सात वर्षं पाण्याखाली माणूस जगत नाही. वहिनी, जरा डोकं वापरा. सगळं बंदर हसतंय तुम्हाला."

हे खोटं होतं. बंदरावर त्यांना कुणी हसत नव्हतं. हसत होतो तो मी एकटाच.

त्यांनी मसुदा सरळ करून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "नक्की ना, भाऊजी? तुम्ही सांगा, मी सही करते. तुम्ही शिकलेले आहात."

"शंभर टक्के," मी म्हणालो.

त्यांनी सही केली. शाई वाळेपर्यंत कागदावर हात ठेवून बसल्या होत्या.

शुक्रवारी बारा वाजता मी अर्ज दिला. कारकुनाने शिक्का मारला. सुटलो एकदाचा, असं वाटलं. अडीचला प्रयोगशाळेत आलो. चिमटाबाई यंत्रापाशी उभ्या होत्या. त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि पहिल्यांदाच मला सर म्हणायला विसरल्या.

"निम्मं जुळतंय. क्रमांक एकशी."

क्रमांक एक मी आहे.

निम्मं म्हणजे आई-बाप, मूल नाहीतर सख्खं भावंड. आईवडील कधीच गेले. मूल मला नाही.

"रक्त किती जुनं?" मी विचारलं. ते कसं काढायचं हे मीच त्यांना शिकवलेलं होतं.

"नमुने घेतले तेव्हा ताजं होतं. त्याच दिवशीचं."

मी खिडकीतून नऊ नंबरकडे बघितलं. काळं कडं, मधे सपाट पाणी. मोकळे मासे बाहेरून जाळ्याला लागून फिरत होते. सगळे एकाच दिशेला.

पाचला घरी पोचलो. जिना ओला होता. धुतला असेल, म्हटलं. इस्त्रीच्या टेबलावर शर्टांची चळत होती. मी मोजले. तीन होते.

वहिनी स्वयंपाकघरात पाठमोऱ्या होत्या. नळ वाहत होता.

"कागद दिलात का, भाऊजी?"

"दिला."

"परत आणा. यजमानांना आवडलं नाही."

मी पुढे झालो. मोरीत मासे होते. मोकळ्या समुद्रातले, चार. कल्ले अजून हलत होते.

सवयीने मी एकेक उलटा करून बघितला. बाहेरच्या माशावर ऊ असतेच, निदान एखादी. या चौघांवर एकही नव्हती. अंग लख्ख होतं.

"कोणी आणले?" मी विचारलं.

"तुम्हीच मागवले होतेत ना?" त्यांचा आवाज शांत होता. रागसुद्धा नव्हता त्यात. "रिकाम्या हाताने वर येऊ नकोस म्हणालात. म्हणून उशीर झाला, म्हणाले."

धक्क्यावर आम्ही दोघंच होतो.

मला भीती वाटली. आणि त्याहून जास्त, सात वर्षांत पहिल्यांदा, लाज वाटली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण टोमणा सोडून मला दुसरं काही बोलता येत नव्हतं.

वहिनींनी अंबाडा घट्ट करायला मान वाकवली. केसांच्या कडेला एक तपकिरी ठिपका होता. मागे अंड्यांचे दोन लांब दोरे, ओले.

ही माशाची ऊ पाण्याबाहेर तासभरही जगत नाही. मी तीस वर्षं हेच शिकवत आलोय.

ती सावकाश त्यांच्या ब्लाउजच्या गळ्याखाली सरकली.