होडीशिवाय आलेलं शीड

मी भूगोल घेऊन पदवीधर झालेय. वारा कुठून आणि का वाहतो, हे मला कुणी शिकवायला नको. पण त्या दुपारी आमच्या माडीवर जे झालं, ते कुणी समजावून सांगितलं तर उपकार होतील.

एक अक्षरही पदरचं घातलेलं नाही.

माझे सासरे पूर्वी शिडाच्या जहाजावर तांडेल होते, म्हणजे खलाशांचे म्होरके. त्यांचा हुकूम सुटल्याशिवाय शीड चढायचं नाही की उतरायचं नाही. आता ते आणि माझा नवरा खालच्या खोलीत शिडं शिवतात. वर आम्ही राहतो.

माझा गब्बू तेव्हा जेमतेम बसायला लागला होता. पाळण्यात टाकला की भोकाड पसरायचा. शेवटी नवऱ्याने खालून एक जुनं शीड आणलं आणि कापून त्याची झोळी दोराने तुळईला बांधली.

"लोण्यासारखं मऊ आहे बघ. लाटांनी धुतलंय."

गब्बू गाढ झोपला. म्हटलं, सुटले बाई!

दुसऱ्या दुपारी वीज गेली होती. पंखा बंद. बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं. मी दुपट्यांच्या घड्या घालत होते... आणि झोळीची करकर थांबली.

वळून पाहिलं.

झोळी एका बाजूला कलली होती... आणि तशीच राहिली होती.

हात लावला. कापड आतून फुगलेलं. ढोलकीसारखं ताठ.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. "लेकाचं वजन बघ की! झोळी कलेल नाही तर काय?"

"आणि फुगली ती?"

"तुला झोप हवीय. बाकी काही नाही."

मी गब्बूला त्या झोळीत घालणंच बंद केलं. पण एका दुपारी मी न्हाणीघरात असताना नवऱ्याने त्याला तिथेच झोपवलं आणि खाली कामाला गेला.

मी बाहेर आले तर आवाज येत होता.

कर्र...

लाकडावरून दोर ओढल्यासारखा. मग शांतता. ओढणारा दम खातोय जणू...

कर्र...

झोळी मी गुडघ्याच्या उंचीवर बांधून घेतली होती.

आता ती माझ्या डोक्याच्या वर होती.

दोराचं मोकळं टोक हवेत ताणलेलं... आणि धरणारं कुणीच नाही.

मी किंचाळले. नवरा धावत आला, झोळीला लोंबकळला. ती तसूभरही हलेना. मागून बाबा, म्हणजे माझे सासरे, आले. कापड पाहिलं आणि पांढरेफटक पडले.

"कुठलं शीड कापलंस रे गाढवा?"

"कोपऱ्यातलं... गुंडाळून ठेवलेलं."

"माणसं बुडाली, होडी बुडाली, एकटं शीड किनाऱ्याला लागलं, ते! होडीशिवाय आलेल्या शिडाला कुणी कात्री लावतं?"

कर्र... झोळी तुळईला भिडायला आली. माझं बाळ आत चिरडलं जाणार होतं.

बाबांनी छाती भरून घेतली आणि रिकाम्या खोलीत ओरडले, "शीड उतरवा रे!"

दोर सैल झाला.

झोळी खाली आली. सावकाश. सरावलेल्या हातांनी उतरवावी तशी.

गब्बू आत हसत होता. माझ्याकडे बघून नाही.

ते कापड दगड बांधून समुद्रात सोडलं. मला वाटलं, संपलं. पण जेवताना बाबा हळूच म्हणाले, "हुकूम दिला मी त्यांना. आता त्यांना तांडेल मिळाला."

"म्हणजे हो बाबा?"

"पाणी दे जरा."

आज सकाळपासून वारा पडलाय. गच्चीतल्या दोरीवर सगळी दुपटी सरळ लोंबतायत. बाबांचा सदरा तेवढा...

टम्म फुगलाय. समुद्राकडे तोंड करून.

मी तो चिमटे लावून वाळत घातला होता. चिमटे खाली पडलेत. बाह्या दोरीला गाठी मारून बांधल्यात. असल्या गाठी मला मारता येत नाहीत. सोडवताही येत नाहीयेत.

आतून बाबांची हाक आली, "सूनबाई, सदरा वाळला का गं? जरा किनाऱ्यावर जाऊन येतो म्हणतो."

मी म्हटलं, "नाही हो बाबा. ओलाच आहे अजून."