कुरमुरे न खाणारे मासे

उजाडलं तेव्हा आमच्या डोहावर शेकडो मासे तोंडं वासून वर आले होते. हा देवळाचा डोह. इथे कुणी जाळं टाकत नाही. इथल्या माद्यांची पिल्लं पुढे नदीभर पसरतात आणि त्यांच्यावरच आमची सगळी भोईआळी जगते.

"भुकेलेत बिचारे!" म्हणत जत्रेला आलेली माणसं कुरमुरे उधळत होती. पण एकही मासा कुरमुऱ्याला तोंड लावत नव्हता. 

"भूक कसली डोंबलाची!" सुगंधाआत्या ओरडली. ती मच्छीमार सोसायटीची नाव वल्हवते. "पाणकोळ्या, काय झालंय रे यांना?"

पाणकोळी म्हणजे विद्यापीठाने दिलेला पोहणारा यंत्रमानव. तो बुडी मारून वर आला. "विरघळलेला प्राणवायू (पाण्यात मिसळलेला, मासे कल्ल्यांनी ओढून घेतात तो) फार कमी झालाय. मासे गुदमरताहेत. असंच राहिलं तर मरतील."

"वरून घाण आली!" सोसायटीचे अध्यक्ष धोंडूतात्या म्हणाले. "बंधाऱ्याच्या उरलेल्या फळ्याही टाका. वरचं थेंबभर पाणी डोहात येता कामा नये!" डोहाच्या वरच्या अंगाला असलेल्या बंधाऱ्याकडे, फळ्या टाकून पाणी अडवायला, माणसं धावलीसुद्धा.

"खरंच वरून आलीय का रे?" मी रडकुंडीला आले होते.

"मी या एकाच डोहात पोहतो, आर्वी. वरचं मला ठाऊक नाही."

मग कुणाला ठाऊक? आम्हालाच की! सोसायटी, विद्यापीठ आणि नदीकाठच्या शाळांनी मिळून नागरिक विज्ञान (साध्या माणसांनी एकाच पद्धतीने मोजून माहिती जमवणं) सुरू केलं होतं. रोज उजाडताच प्रत्येक गावची मुलं सारख्याच बाटलीत पाणी घेतात, सारखेच थेंब घालतात आणि रंग पाहून आकडा ठरवतात. आकडा मोठा, तर प्राणवायू जास्त. वेळही एकच हवी, कारण रात्री ऊन नसल्याने पाणवनस्पती प्राणवायू बनवत नाहीत आणि पहाटे तो सगळ्यांत कमी असतो. एकाने पहाटे मोजलं आणि दुसऱ्याने दुपारी, तर ताळमेळ कसा लागणार?

मी मोबाइल उघडून वरच्या गावांचे आजचे आकडे पाहिले. सोनकुसे, सात. पिंपळखोरे, सात. बंधाऱ्याजवळची वाडी, साडेसहा. आणि मीच उजाडताच मोजलेला आमचा डोह, दोन!

"आत्या, वरचं पाणी चांगलंय! घाण आपलीच आहे!"

"तळाशी जत्रेत रोज टाकलेल्या कुरमुऱ्यांचा थर कुजतोय," पाणकोळी तळ गाठून येत म्हणाला. "कुजवणारे जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे जीव) प्राणवायू संपवतात. वाहतं पाणी हवं."

आत्या धावत सुटली. "फळ्या टाकू नका, काढा!"

"आणि चुकलं तर?" तात्यांनी विचारलं. "एक मासा उरायचा नाही गं."

"एकट्या आर्वीने मोजलं असतं तर मीही घाबरले असते, तात्या. वरच्या तिन्ही गावांनी मोजलंय!"

फळ्या निघाल्या. पाणी फेसाळत, हवा मिसळून घेत डोहात कोसळलं. काही मासे उलटे होऊन वाहून गेले. मला बघवेना. बाकीचे हळूहळू खाली गेले. डोहावर एकही मासा दिसेना, तेव्हा कुठे आत्याच्या जिवात जीव आला.

इतक्यात खालच्या वाळुंजे गावच्या मुलांचा मेसेज आला. "तुमच्याकडून गढूळ पाणी येतंय. आमचे मासे जगतील ना? भीती वाटतेय."

 मी बाटली घेऊन पाण्यात उतरले, थेंब घातले, रंग दोनदा पाहिला आणि लिहिलं, "आत्ता आकडा चार आहे. वाढतोय. दर तासाला मोजून कळवते."