एम्पियांगचा आवाज

सकाळी नऊला एम्पियांगने दोघांना घेऊन रानाची वाट धरली. धबधब्यापर्यंत जायचं आणि तीनच्या आत परत यायचं. वाटाडी म्हणून एकोणीस वर्षं ती हेच करत आली होती. आजची माणसं मिरी शहरातली. बोंग कियात हिन नावाचे शेठ, तिकडच्या बोलीत 'तौके', आणि त्यांची बायको सिऊ लिंग. शेठ पायथ्यापासूनच करवादत होते. जळवा, घाम, निसरडी मुळं, सगळं जणू एम्पियांगनेच मुद्दाम मांडून ठेवलं होतं.

रानही त्या दिवशी वैऱ्यासारखं वागत होतं. काटेरी वेत बाही धरून मागे ओढत होता. वारा पूर्ण पडलेला. कुजक्या पानांचा वास नाकात बसलेला. एरवी डोक्यावरून पंख वाजवत जाणारे धनेश पक्षी त्या दिवशी एकदाही दिसले नाहीत.

बाराच्या सुमाराला ते एका थोरल्या झाडाच्या मुळांवर टेकले. एम्पियांगने पानात बांधलेला भात शेठपुढे धरला.

"पाल्यातलं खायला नाही आलो मी इथे."

"खाऊ नका, तौके. नुसतं बोट लावा. रानात पुढे आलेलं अन्न न शिवता टाकलं, की रान ते विसरत नाही, असं आमच्यात मानतात."

"तुमची भुतं तुमच्यापाशीच ठेवा, बाई!" म्हणत शेठ उठले आणि एकटेच पुढे चालू लागले.

दहा पावलांवर वळण होतं. दोघी धावत तिथे पोचल्या, तर पुढची सरळ वाट रिकामी.

सिऊ लिंग हाक मारणार, तोच एम्पियांगने तिच्या तोंडावर हात ठेवला. "नाव घेऊ नका. इथे कुणी नाव घेऊन हाक मारत नाही."

तेवढ्यात खालच्या दरीतून आवाज आला.

"या, तौके... इकडून या..."

सिऊ लिंगने तिचं मनगट घट्ट धरलं. "ताई... हा तर तुमचा आवाज..."

एम्पियांगनेही तो ओळखला. तोच घोगरेपणा, शब्द ओढायची तीच लकब. सरळ माघारी फिरावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण माणूस तिच्या भरवशावर आला होता. तिने दोर काढला, सिऊ लिंगच्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक झाडाला आवळलं.

"कुणीही बोलावलं तरी हलायचं नाही. मी बोलावलं तरीसुद्धा."

मग ती दरीत उतरली. काट्यांनी दंड सोलून निघाले. आवाज सतत थोडा पुढेच असायचा... तिचाच, अगदी लाघवी. शेठ सापडले ते कड्याच्या टोकाशी. समोरच्या धुक्याकडे बघून हसत ते म्हणत होते, "आलो, आलो... जरा हळू चाला की."

एक पाय अधांतरी होता.

तिने मानगूट धरून त्यांना मागे खेचलं आणि कमरेच्या पिशवीतला भात त्यांच्या ओठांना चोळला. शेठनी तिच्या थोबाडीत मारली. मग तिच्याकडे पाहिलं, पुन्हा धुक्याकडे पाहिलं, आणि ते मटकन खाली बसले.

त्यांना ओढत वर आणेपर्यंत पाऊण तास झाला. सिऊ लिंग झाडाखाली शांत बसली होती. दोराची गाठ जशीच्या तशी होती.

पायथ्याच्या कचेरीत शेठना कंठ फुटला. "हिनंच मला कड्यापर्यंत नेलं! सारखी पुढे पुढे, एकदा तोंड म्हणून फिरवलं नाही! हिचा परवाना काढून घ्या!" कारकुनाने मान खाली घातली. एम्पियांग दंडात रुतलेले काटे उपटत राहिली.

गाडी निघायच्या वेळी सिऊ लिंगने काच खाली केली.

"त्यांचं मनावर घेऊ नका, ताई. तुम्ही लगेच वर येऊन माझा हात धरून बसलात, म्हणून मी तग धरला."

"मी...?"

"हात किती गार पडले होते तुमचे! आणि एक शब्द नाही. फक्त शेवटी विचारलंत, मिरीत आमचं घर कुठे म्हणून." ती हसली. "खुणेसकट सांगितलंय ना सगळं? मग नक्की या हं."

काच वर गेली आणि गाडी उताराला लागली.