कैवल्यच्या हाताला जमेल अशी मूठ

मूठ फिरवायला गेलेला कैवल्य स्वतःच कसा फिरला?

चंद्रावरच्या वस्तीतली मुलं यावर पोट धरून हसली. ऋजुता मात्र हसली नाही. बोगद्यातली हवा कमी झाली, तर भिंतीवरच्या पेटीतून प्राणवायूचा मुखवटा काढायचा, याचा तो सराव होता. मूठ पिळली की पेटी उघडायची. कैवल्यचा डावा हात जन्मापासून कोपरापर्यंतच. त्याने उजव्या हाताने जोर लावला, तर मूठ हलली नाही आणि तोच भिंगरीसारखा फिरला.

"पुढच्या सरावातही जमलं नाही, तर मला बोगद्यातून एकट्याला सोडणार नाहीत," तो म्हणाला. बोगद्याच्या टोकाला त्याची आवडती दुर्बीण होती.

"जमणार. कसं ते बघतेच मी," ऋजुता म्हणाली आणि थेट वसुधाआजींच्या कार्यशाळेत शिरली. आजी वस्तीच्या डिझायनर (वापरणाऱ्याची गरज ओळखून वस्तूची घडण ठरवणाऱ्या) होत्या.

ऋजुताने चिकणमातीची चांगली जाडजूड मूठ घडवून पेटीवर बसवली. कैवल्य पुन्हा फिरला.

"एवढी मोठी केली तरी!" ती चिडली.

"मोठी कशासाठी केलीस?" आजींनी विचारलं.

"त्याला नीट धरता यावी म्हणून."

"धरता येत नाही, असं तो म्हणाला होता?"

ऋजुताने विचारलंच नव्हतं.

मग तिने ओढणीने स्वतःचा डावा हात कमरेला बांधला आणि जुनी मूठ पिळली. गर्रकन ऋजुताच फिरली! हात सोडून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं, की नकळत डाव्या हाताने ती भिंतीचा कठडा धरत होती.

"तू मुठीला पिळतेस, तेव्हा मूठही तुला उलट पिळते. ती प्रतिक्रिया (जोराला मिळणारा तेवढाच उलट जोर)," आजी म्हणाल्या. "पृथ्वीवर वजनामुळे पाय जमिनीवर घट्ट राहतात. इथे वजन सहापट कमी, म्हणून पाय घसरतात."

"मग पिळायचंच कशाला?" ऋजुता कैवल्यकडे वळली. "तुला काय सोपं जाईल?"

त्याने हवेत मूठ आवळून दाखवली. "सायकलच्या ब्रेकसारखं."

दोघं कामाला लागले. ब्रेकसारखी आवळायची पट्टी आधी पुठ्ठ्याची केली, ती फाटली. पत्र्याची केली, तर स्प्रिंग इतकी ताठ की दाबवेना. नंतरच्या नमुन्यात कैवल्यचं बोट चिमटलं. "पुन्हा करू," म्हणत ऋजुताने कडा घासून गोल केल्या. आता बोटं पट्टी आत ओढत आणि तळवा तिच्यामागचा दांडा बाहेर ढकलत असे. दोन्ही जोर हातातल्या हातातच मिटत. अंगाला फिरवायला काही उरतच नव्हतं.

सरावाचा भोंगा वाजला. कैवल्यने मूठ आवळली. खट्! पेटी उघडली आणि पाय जागचे हललेही नाहीत. मुखवटा लावूनच तो ओरडला. काय ओरडला ते कळलं नाही, पण ऋजुताच्या डोळ्यांत पाणी आलं.

वसुधाआजींनी सगळ्या पेट्यांना तीच मूठ बसवायचं ठरवलं.

"थांबा आजी," ऋजुता म्हणाली. रांगेतली चिमुकली आर्या टाचा उंचावूनही मुठीपर्यंत पोचत नव्हती. ऋजुता तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसली आणि तिच्या उंचीवरून पेटीकडे बघू लागली.

"आर्या, तुला कुठे हवी गं ही मूठ?"