धर्माच्या गाईचे दात

रामदासची माणसांच्या डॉक्टरकीची जागा थोडक्यात हुकली आणि परळच्या गुरांच्या कॉलेजात मिळाली. नायगावच्या बीडीडी चाळीत ही बातमी नळावर फुटली. "डॉक्टर, आमच्या धन्याला तपासा आधी," शेजारची शेवंती म्हणाली, "त्यो बी बैलच हाय." चाळ हसली. रामदासही हसला. लहानपणी जिन्यावरून पडून त्याच्या वरच्या दाताचा कोपरा उडाला होता, त्यामुळे त्याचं साधं हसणंही चावट दिसे.

त्याचे वडील, बुधाजी, हसले नाहीत. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन वर्षही झालं नव्हतं.

"गावची मेलेली ढोरं ओढायची सोडली, देव सोडले. आणि तू परत ढोरांतच?"

"दादा, ही जिवंत असतात."

"आज असतात," बुधाजी म्हणाले. "नापास झालास तर सरळ गिरणीत. भरती करणाऱ्या जॉबरशी बोलून ठेवलंय."

कॉलेजात पहिल्याच तासाला प्रोफेसर केळशीकरांनी विनोद केला. तो ते दरवर्षी करत. "'धर्माची गाय आणि दात का गं नाय?' ही म्हण रचणारा आमच्याकडे नापास झाला असता. गाईला वरचे पुढचे दात नसतातच. धर्माची असो, नाहीतर विकतची. तिथं नुसती कडक हिरडी." मग ओठांवर रुमाल धरून ते हसले. ते नेहमी तसेच हसत. खानदानी वळण, असं मुलं म्हणत.

संयुक्त महाराष्ट्र समितीच्या हरताळाच्या दिवशी, दादरपासून लालबागपर्यंत सगळं बंद असताना, कोणीतरी कॉलेजच्या फाटकाला एक पांढरी गाय बांधून गेलं. मालक आलाच नाही. धर्माची गाय म्हणून ती विद्यार्थ्यांच्या वाट्याला आली. स्वभावानं गरीब होती. बाहेर घोषणा चालू असल्या तरी ती रवंथ करी. मुंबई कोणाला मिळते याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

आधी रामदासला पेंडीचा तुकडा दिसला. गाईनं अर्धा खाऊन टाकलेला. त्यावर खालून दातांच्या खुणा होत्या. वरूनही होत्या.

"उंदीर असेल," बरोबरचा गणपत म्हणाला.

"एवढा मोठा?"

"परळचा आहे रे."

पुढं एकदा तिला औषध पाजताना रामदासची बोटं वरच्या हिरडीला लागली. काहीतरी टोचलं, तान्ह्या मुलाला दात येताना टोचतं तसं. त्यानं ओठ उचलून पाहिलं. गुलाबी, सपाट. पुन्हा बोट घातलं. टोचलं. त्यानं हात धुऊन पुस्तक उघडलं. पुस्तकात काही टोचत नव्हतं, त्यामुळे त्याला बरं वाटलं.

तोंडी परीक्षेला तीच गाय उभी केली होती. केळशीकर खुर्चीत.

"घाल हात. वरचे पुढचे दात किती?"

रामदासनं हात घातला. ओळ पुरी झाली होती. बारीक, चपटे, एकाला एक लागून. गाईचे नव्हेत.

बोट सरकत गेलं. एका दाताचा कोपरा उडालेला होता.

त्याची जीभ आपसूक स्वतःच्या दाताकडे गेली. तोच दात. तोच कोपरा.

"बोल. बाहेर मुलं खोळंबलीत."

गाय त्याच्याकडे पाहत होती. रामदासला जॉबर आठवला.

"नाहीत, सर."

"एकही?"

"एकही नाही."

"शाब्बास," केळशीकर म्हणाले आणि त्यांनी रुमाल काढला.

संध्याकाळी बुधाजींनी पेढे आणले. "आमचा डॉक्टर पास झाला," म्हणत ते दारोदार वाटत होते. माणसांचा की गुरांचा, ते सांगत नव्हते. रामदासनं पेढा अर्धा खाल्ला आणि उरलेला बशीत ठेवला.

शेवंती दारात आली. "पास झालास ना? मग हस की रं जरा!"

बशीतल्या पेढ्यावर खालून दातांच्या खुणा होत्या. वरून तो गुळगुळीत होता.

रामदासनं खिशातून रुमाल काढला.