हिरामणची सहावी खुर्ची

ही गोष्ट सांगताना रावसाहेब आधी तारीख सांगतात. गेल्या वर्षीचा चौदा नोव्हेंबर, शुक्रवार. करावे गाव. रात्रीचा एक वाजून वीस मिनिटं.

परवाही त्यांनी तशीच सुरुवात केली. नेरूळच्या सोसायटीच्या गच्चीवर चटई टाकलेली होती. जेवणं उरकून पाच-सहा पोरं जमली होती. आकाशने मोबाइल उलटा करून ठेवला. सोनम म्हणाली, काका, खरी असेल तरच सांगा, नाहीतर आम्ही खाली जातो. रावसाहेब हसले नाहीत. महापेच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस, भुताखेतांचं नाव काढलं की एरवी उठून जाणारा. ते एवढंच म्हणाले, "हिरामणला मी वीस वर्षं ओळखतो. तो खोटं बोलतो, पण असलं नाही."

सुरुवात अगदी साधी होती. रावसाहेबांच्या भाचीला, संघमित्राला, जेवणाच्या टेबलाभोवती ठेवायला खुर्च्या हव्या होत्या. सहा वर्षं परदेशात शिकून ती परत आली होती आणि सीवूड्सला आईवडिलांजवळ राहत होती. मॉलमधल्या चकचकीत खुर्च्या तिला नको होत्या. कुणाच्या तरी हातांनी घडलेल्या, हातवाल्या, जुन्या खुर्च्या हव्या होत्या. आईबाबांनी जन्मभर कोपऱ्यात, घाईत घास गिळले, आता त्यांनी दोन्ही हात टेकून निवांत जेवावं, असं तिचं म्हणणं. रावसाहेबांनी तिला करावे गावात हिरामणकडे नेलं.

हिरामणचं दुकान म्हणजे खाडीकडच्या गल्लीतली एक लांबट खोली. वर घर, खाली काम. जुन्या खुर्च्या विकत घ्यायच्या, सांधे पक्के करायचे, पॉलिश मारायचं, बैठक विणायची. त्याच्याकडे नुकत्याच सहा खुर्च्या आल्या होत्या. पेणजवळचा एक बंगला विकला गेला, तिथून. लाकूड शिसवी, शंभर वर्षांचं. पाठीला चार आडव्या पट्ट्या, हात पुढे किंचित वळलेले. आणि बैठक वेताची नव्हे, पाणकणसाची. तळ्याच्या काठाला तपकिरी कणसं येतात ना, त्याची पानं. ती वाळवायची, परत भिजवायची, दोन-तीन एकत्र पिळून दोरी करायची, आणि चारही कोपऱ्यांतून विणत मध्याशी यायचं. पान संपलं की पुढचं जोडायचं. एका बैठकीला दीड दिवस जातो.

पाच बैठका शाबूत होत्या. सहावी फाटलेली.

संघमित्रा एकेका खुर्चीवर बसली, उठली, परत बसली. सहाव्या खुर्चीची बैठक या पाचांसारखी करून द्या, मी सगळ्या घेते, म्हणाली. हिरामणने मान डोलावली. पण त्याचा चेहरा उतरला होता. रावसाहेबांना ते दिसलं, कारण मात्र फार नंतर कळलं.

कारण नामदेव होता.

हे दुकान मूळचं हिरामणच्या बापाचं. हिरामण बारा वर्षांचा असताना बापाने नामदेवला कामाला आणलं. त्याच वयाचा, जन्मापासून आंधळा. अंधांच्या कार्यशाळेत खुर्च्या विणायला शिकलेला. दोघं शेजारी बसून विणायचे. संध्याकाळी बाप यायचा, डोळे मिटायचा आणि बैठकीवरून तळवा फिरवायचा. हिरामणच्या बैठकीवरून तो तळवा सरळ पुढे जायचा. नामदेवच्या बैठकीवर थांबायचा. थांबून राहायचा. तेवढंच. शब्द नाही, शाबासकी नाही. पण हिरामण रोज तो तळवा बघायचा. वीस वर्षं बघितला. एकदाच बाप बोलला होता.

"हिऱ्या, तू बघून विनतोस. म्हनून चुकतोस."

बाप गेला तेव्हा तेराव्यानंतर आठ दिवसांत हिरामणने नामदेवला सांगितलं की आता दोघांपुरतं काम नाही. काम होतं. नामदेवने वाद घातला नाही. विणायची लाकडी पाचर उचलली, काठी उचलली आणि गेला. पुढे पनवेलला कुठेतरी प्लॅस्टिकच्या पट्ट्या विणत होता म्हणे. पाच वर्षांपूर्वी वारला. निरोप आला तेव्हा हिरामण जेवत होता. तो मातीला गेला नाही. ताटावरून उठला नाही. आणि त्याच्या मनात पहिलं काय आलं, तर बरं वाटलं. आता तो एकटाच उरला होता.

पेणच्या बंगल्यात त्या पहिल्या खुर्चीवर त्याने हात ठेवला, आणि हाताला कळलं. चाळीस वर्षांपूर्वी या खुर्च्या बापाच्याच दुकानात विणायला आल्या असणार. पाच बैठका नामदेवच्या. सहावी, फाटलेली... त्याची स्वतःची.

मग घेतल्या कशाला, असं आकाशने विचारलं. रावसाहेब म्हणाले, तिथे ठेवल्या असत्या तर दुसऱ्या कुणीतरी घेऊन त्यांचं कौतुक केलं असतं. तेही त्याला सोसवणार नव्हतं.

हिरामणने सहावी बैठक विणली. दीड दिवसाच्या जागी चार दिवस घालवले. दोनदा उसवली. बायको चांगुणाबाई जेवायला हाका मारून थकली. बुधवारी ती पुरी झाली आणि त्याला वाटलं, जमली. या वेळी जमली.

शुक्रवारी दुपारी संघमित्रा बघायला आली. सहा खुर्च्या ओळीत मांडलेल्या. कुठली नवी ते तिने विचारलं नाही. ओळीवरून तळवा फिरवत गेली आणि सहावीवरून तो सरळ पुढे गेला.

"काका, या पाच कुणी विणल्यात?"

"जुनं काम हाय."

"ते अजून विणतात का? मग ही सहावीसुद्धा त्यांच्याकडूनच करून घ्या ना. तुमची वाईट नाही, पण..."

पोरगी मनाने निर्मळ. तिला काय ठाऊक, ती कुठे बोट ठेवतेय. हिरामणने पहिल्या खुर्चीची बैठक नखाने खरवडली. मग त्याने सांगितलं की या पाच बैठका नुसत्या दिसायला चांगल्या आहेत, आतून सडल्यात, कीड लागलीय, वर्षभरात फाटतील. सहाच्या सहा नव्याने विणाव्या लागतील. सगळ्या एकसारख्या होतील.

तिला वाईट वाटलं. पण कारागीर सांगतोय म्हटल्यावर ती हो म्हणाली. उद्या परत येते म्हणाली आणि गेली.

सहाही आपल्या झाल्या की कुणाशी ताडून बघणार? हिरामणला इतकं सोपं वाटलं ते. पाच बैठका कापायच्या की नामदेवचं या जगात काही उरणार नाही. त्याने टबात पानं भिजत घातली आणि रात्री सुरी परजायला बसला. चांगुणाबाई जिन्यात उभी राहिली. तिला सगळं माहीत होतं. नामदेवला तिने दहा वर्षं भाकरी वाढली होती.

"मेलेल्या मानसासंगं कसली बरोबरी करता?"

"तू झोप."

"भावजी कदी तुमच्याबद्दल वाकडं बोलल्यालं आठवतंय का तुमाला?"

तेच तर. नामदेव कधी वाकडं बोलला असता तर सोपं गेलं असतं. हिरामणने तिला वर पाठवलं आणि दाराला आतून कडी घातली. आपली सहावी खुर्ची त्याने भिंतीशी, टबाजवळ सरकवली, मध्ये नको म्हणून. आणि पहिली बैठक कापली.

चाळीस वर्षांची दोरी, पण सुरीला दाद देईना. आत कोपऱ्यांत ठासून भरलेला पानांचा भुगा अजून सोनेरी होता. कीड कुठली नि सड कुठली. दुसरी कापली. तिसरी. प्रत्येक वेळी सगळ्यात शेवटचा धागा तुटताना टण्णकन आवाज यायचा, तार तुटावी तसा. चौथी. पाचवी संपली तेव्हा त्याने मोबाइलवर वेळ बघितली. एक वाजून वीस मिनिटं.

आणि लाइट गेली.

सगळ्या गल्लीची गेली. खिडकीबाहेरचा खांबही विझला. हिरामण सुरी हातात धरून तसाच बसून राहिला. येईल पाच मिनिटांत. मोबाइलचा टॉर्च लावायला गेला, तो लागेना. मघाशी तर अर्धी बॅटरी होती.

काळोख. खाडीचा वास. टबात एक थेंब पडल्याचा आवाज.

मग दुसरा.

भिजल्या पानांतून पाणी निथळावं तसा. पण पानं टबात होती. निथळायला ती कुणीतरी वर उचलायला हवी.

"कोन हाय?"

काही नाही.

आणि मग तो आवाज सुरू झाला. करकर... करकर... ओलं पान पिळताना येतो तो. जन्मभर ऐकलेला. थोडं पिळायचं, ओढायचं, आणि लाकडी पाचरीने धागा धाग्याला भिडवायचा. करकर... टक. करकर... टक. भिंतीकडून. जिथे त्याने आपली खुर्ची सरकवली होती तिथून.

त्याला वाटलं, चांगुणा. पण वरून तिचं घोरणं ऐकू येत होतं.

दाराला कडी होती. आतून.

टक.

किती वेळ गेला सांगता येत नाही, असं हिरामण म्हणतो. तो उठला नाही. भीती होतीच, पण त्याने स्वतः रावसाहेबांना सांगितलं, भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त होतं. त्या काळोखात तो ते विणणं ऐकत होता. ताल एकदाही चुकत नव्हता. एकदाही थांबून चाचपणं नाही. आणि हिरामणचं काळीज जळत होतं. मेल्यावरही. मेल्यावरही हा माझ्याहून...

आवाज थांबला.

गच्चीवर कुणी हललं नाही.

मग हिरामणच्या उजव्या हाताला काहीतरी लागलं. ओलं. गार. बोटं. ती पकडत नव्हती. चाचपत होती. आधी अंगठा. मग एकेक बोट, मुळापासून टोकापर्यंत. आंधळा माणूस ओळख पटवतो तशी. सुरीपाशी आली. थांबली. सुरी हातातून अलगद सुटली... आणि जमिनीवर ठेवल्याचा हलका आवाज आला. फेकल्याचा नाही. ठेवल्याचा.

मग ती बोटं त्याच्या तळव्यावर टेकली.

आणि राहिली.

लाइट आली तेव्हा चार वाजायला दहा होते. खोलीत कुणी नव्हतं. कडी जागच्या जागी. टब रिकामा. पाच खुर्च्यांचे सांगाडे ओळीत. सुरी पायाशी. आणि भिंतीजवळ सहावी खुर्ची. हिरामणची बैठक उसवून तिचा ढीग बाजूला रचलेला, एकही धागा न तोडता. खुर्चीवर नवी बैठक. ओली, हिरवट, चारही कोपऱ्यांतून मध्याशी आलेली. त्याने हात लावला नाही. लावायची गरज नव्हती.

शनिवारी दुपारी संघमित्रा आली. पाच सांगाड्यांकडे तिने बघितलंही नाही. थेट भिंतीशी गेली, खाली बसली आणि बैठकीवर तळवा ठेवला. तळवा तिथेच थांबला. थांबून राहिला.

"ही तुम्ही केलीत?"

जिन्यात चांगुणाबाई उभी होती. सकाळी खाली येताच तिने ती खुर्ची बघितली होती, आणि त्यानंतर नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. हिरामणने तिच्याकडे बघितलं. मग संघमित्राच्या तळव्याकडे. साठ वर्षांच्या आयुष्यात तेवढ्याच एका गोष्टीसाठी तो आसुसला होता. कुणाचा तरी हात त्याच्या कामावर थांबावा.

"हो," तो म्हणाला. "मीच केली."

संघमित्रा हरखून गेली. बाकीच्या पाच अशाच करा, कितीही वेळ घ्या, म्हणाली. तेवढी एक खुर्ची तिने लगेच रिक्षात घालून घरी नेली, आईबाबांना दाखवायला. रात्री वडील त्या खुर्चीवर बसून जेवले. सावकाश जेवले. दोन्ही हात टेकून.

रविवारी सकाळी सात वाजता रावसाहेबांचा फोन वाजला. मामा, लगेच ये. एवढंच.

रावसाहेब गेले. अकरावा मजला. घरात काही हललेलं नव्हतं, दार आतून बंद होतं. खुर्ची टेबलाशी होती, नुसता सांगाडा. बैठक नाही. टेबलावर, वडिलांचं ताट असतं त्या जागी, कलिंगडाएवढा दोरीचा गोळा ठेवलेला. नीट गुंडाळलेला. कुठे कापल्याची खूण नाही. विणलं होतं तसंच, शेवटाकडून सुरुवातीकडे, कुणीतरी उलटं उसवत नेलं होतं.

रावसाहेबांनी हिरामणला बोलावून घेतलं. तो दारातच थांबला, आत आला नाही. गोळ्याकडे बघत राहिला. मग उंबऱ्याबाहेर खाली बसला आणि शुक्रवारची रात्र त्याने तिथे, त्या पॅसेजमध्ये बसून पहिल्यांदा सांगितली. सगळी. बापाच्या तळव्यापासून. शेवटी म्हणाला, "मी त्याचं नाव घ्याला पायजे होतं. येवडंच पायजे होतं त्याला."

संघमित्रा रडत होती.

रावसाहेबांना मात्र पटत नव्हतं. हिरामणनेच काहीतरी हातचलाखी केली असणार, पानांचे सांधे कच्चे ठेवले असतील, रात्रीत सुटले असतील, असा त्यांनी हिशेब मांडला. सांधे बघायचे म्हणून त्यांनी गोळा उचलला, तो हाताला ओला लागला, आणि पॅसेजमध्ये सोडायला सुरुवात केली. लिफ्टपासून जिन्यापर्यंत. तिथून परत लिफ्टपर्यंत. हिरामणने डोळे मिटले आणि दोरी बोटांमधून सरकवत घेतली. पूर्ण दोरी, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. संपल्यावर हिरामणने डोळे उघडले, आणि पुन्हा दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली.

दोनदा बघितली. संघमित्राने तिसऱ्यांदा बघितली.

"एकशे चाळीस पावलं दोरी," रावसाहेब म्हणाले. "आणि पानात सांधा एकही नाही."

मग सोनमने हळूच विचारलं, काका, पाणकणसाचं पान केवढं असतं?

रावसाहेब उठले. त्यांनी हात डोक्याच्या जरासा वर धरला.

"एवढं," ते म्हणाले.