सुयांचा पिवळा डबा

फोन उचलताच भाची म्हणाली, "मावशी, या वेळीही एकही नाही मिळालं गं."

काय नाही मिळालं, हे मावशीला विचारावं लागलं नाही. दवाखान्यात भूल देऊन भाचीची स्त्रीबीजं काढायची, ती बाहेर फलित करायची आणि मग गर्भ पोटात ठेवायचा, असा बेत होता. सोनोग्राफीत सगळं ठीक दिसत होतं. हाती मात्र शून्य, आणि गेल्या खेपेलाही हेच झालं होतं. वय पाहता तिसरी खेप शेवटची, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं.

मावशी पोलीस खात्यातून निवृत्त झालेली फौजदार. 'नशीब' हा शब्द ऐकला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ती तडक भाचीकडे गेली.

घरात सुतकी शांतता होती. भाचीच्या सासूबाई टेबलाशी बसून मटार सोलत होत्या.

"मला आधीपासूनच हे सुयांचं खूळ पसंत नव्हतं," त्या म्हणाल्या.

"औषधं फ्रिजमध्येच होती ना? तुम्ही हात लावलात?"

"मी? ताई, त्या सुया दिसल्या तरी मला घेरी येते. फ्रिजमधलं दूधसुद्धा मी डोळे मिटून काढते." त्यांचे डोळे भरून आले. "नातवंडाचं नाक याच्यासारखं असावं, एवढंच मागत होते हो मी."

'याच्यासारखं' म्हणजे समोर जेवत बसलेल्या जावईबापूंसारखं. ते शाळेत विज्ञान शिकवायचे. नाकाचा विषय निघताच ते ताट अर्धवट टाकून उठले. मावशी त्यांच्यामागे मोरीपर्यंत गेली.

"शेवटचं इंजेक्शन कोणी दिलं?"

"मीच. सगळी मीच देतो. पूड आणि पाणी वेगवेगळं येतं. सुईनं बूच टोचून पाणी पूड असलेल्या बाटलीत सोडायचं, कालवायचं आणि टोचायचं. नर्सनं शिकवलंय."

"चूक झाली असेल?"

"दहा दिवस रोज तेच केलंय, मावशी."

"बीजं का मिळत नाहीत, याबद्दल डॉक्टर काय म्हणाल्या?"

"मी आत नव्हतो. गाडी लावत होतो."

"याला दर वेळी गाडीच लावायची असते," भाची आतून कडवटपणे म्हणाली. "समजावून सांगायच्या बैठकीलासुद्धा. शाळेतही तसंच. प्रजननाचा धडा आला की मुलांना सांगतो, घरी वाचा."

मावशीनं कपाळाला हात लावला. ज्याला त्याला विचारावं, तर कोणी ताकास तूर लागू देत नव्हतं. शेवटी भाचीनंच तिला गॅलरीत ओढून नेलं.

"हसू नकोस. शेवटच्या इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी मी गरोदरपणाची चाचणी केली. काहीच झालेलं नव्हतं, मला माहीत होतं. तरी वेडी आशा. एकच रेघ आली. कुणाला सांगू नकोस, लाज वाटते."

मावशीनं तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. पलीकडून वैतागलेला आवाज आला.

"एकच रेघ? अहो, त्या शेवटच्या इंजेक्शनात गरोदरपणातलंच संप्रेरक असतं. ते टोचल्यावर पोटात बाळ नसलं तरी दोन रेघा यायला हव्यात! आणि ते टोचल्याशिवाय बीजं सुटून येत नाहीत. हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"लाज," मावशी म्हणाली. "दुसरं काय!"

वापरलेल्या सुया आणि बाटल्या टाकायचा पिवळा डबा दवाखान्यानं दिला होता. तो उद्या परत द्यायचा होता. त्यात हात घालायला कोणी धजत नसे. मावशीनं झाकण उचकटलं आणि लांब चिमट्यानं एकेक बाटली बाहेर काढली. मग सगळ्यांना टेबलाशी बोलावलं.

"रोजच्या बाटल्या रिकाम्या आहेत. प्रत्येकीच्या रबरी बुचाला सुईचं भोक आहे," ती म्हणाली. "ही शेवटच्या इंजेक्शनची. पूड जशीच्या तशी, आणि बूच अगदी कोरं."

सासूबाई पुटपुटल्या, "मी नाही हो काही केलं."

"तुमच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. औषधात कोणी भेसळ केली असती तर बूच टोचलेलं असतं. म्हणजे औषध बिघडवलंच नाही, ते कालवलंच नाही. माझ्या भाचीला नुसतं पाणी टोचलं. दहा दिवस बिनचूक कालवणारा माणूस त्याच दिवशी विसरत नाही. आणि गेल्या खेपेलाही विसरलात का, जावईबापू?"

जावईबापूंची मान खाली गेली. भाचीनं टेबलाची कड घट्ट धरली.

"माझा रिपोर्ट वाईट आला होता," ते अखेर म्हणाले. "अगदीच थोडे शुक्राणू, तेही मंद. म्हणजे दुसऱ्या कुणाचे घेणार, हे उघड होतं. परक्याचं मूल माझं म्हणून... आणि आई नाकाचं बोलायची. मला नाही जमलं."

"दुसऱ्या कुणाचे?" भाचीचा आवाज चिरकला. "अरे, तुझेच घेणार होते! एका बीजाला एकच लागतो. बारीक सुईनं बीजाच्या आत सोडतात. बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत हेच सांगितलं होतं!"

"तू मला बोलली नाहीस..."

"तू विषयच काढू देत नव्हतास."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मावशीनं आयुष्यात चोर, दरोडेखोर पकडले होते. पण स्वतःचंच मूल स्वतःच्या हातानं नाकारणारा हा पहिलाच. त्याला बेड्या घालता येत नाहीत, याचा तिला मनस्वी संताप आला.

भाचीनं ती न फोडलेली बाटली उचलून मुठीत घेतली.

"तिसरी खेप करायची की नाही, ते मी ठरवीन. तुझ्याबरोबर करायची की नाही, तेही. केली तर औषध मी कालवीन, मीच टोचून घेईन."

"आणि मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"उद्या शाळेत जा," भाची म्हणाली, "आणि तो धडा वर्गात शिकव."